डिचोलीतला समुद्र

बायको गेली ती मला काही न सांगता गेली. माणूस जाताना काहीतरी बोलून जातो म्हणतात. तिचं माझ्याशी शेवटचं धड वाक्य होतं, "छत्री उलटी ठेवू नका, पाणी आत राहतं." आषाढातली गोष्ट. दुपारी पेज वाढली, भांडी घासली, जरा पडते म्हणाली आणि उठली नाही. आता छत्रीच्या आधारावर मी उरलेला जन्म काढायचा की काय?

मी शिकलेला माणूस नाही. तिसरी पास झालो, चौथीत बसलो तो उठूनच आलो. पुढे जन्मभर मुरगाव बंदरावर खनिज भरायचं काम केलं. आठवडाभर वास्कोला खोलीवर राहायचो, शनिवारी डिचोलीला घरी, सोमवारी पहाटे परत. म्हणजे घर माझं, पण मी त्यात पाहुणा. पंखा कुठल्या बटणाने लागतो तेही मी निवृत्त झाल्यावर शिकलो, आणि ते शिकवताना ती हसली होती.

ती गेल्यावर कळलं की मला घरातलं काही सापडत नाही. तिने डबे लावले होते ते तिच्या डोक्यातल्या हिशोबाने. चहाच्या डब्यात तिरफळं. बिस्किटांच्या डब्यात सुया. पापडाच्या डब्यात उकड्या तांदळाचा कोंडा, कोंबड्यांसाठी. कोंबड्या संपून किती वर्षं झाली, कोंडा होताच. मी मीठ शोधता शोधता तुरटी घालून पेज केली एकदा. तोंड असं आखडलं की शेजारीण विचारायला आली तर मला "काही नाही" एवढंसुद्धा म्हणता येईना.

पण हे सगळं चाललं असतं. एक गोष्ट सापडत नव्हती ती मात्र मला झोपू देत नव्हती.

वैशाखात तिने मिसकूट घातलं होतं. मिसकूट म्हणजे कैरीचं तिखट लोणचं. पार्सेहून, तिच्या माहेरच्या झाडाच्या कैऱ्या आणल्या होत्या. भरणी भरली, तोंडाला फडकं बांधलं, आणि मला दिसणार नाही अशी कुठेतरी ठेवून दिली. कारण दोन. एक, मला प्रेशर आहे आणि डॉक्टरनी मीठ बंद केलंय. दुसरं, मी ओली बोटं भरणीत घालतो. आदल्या वर्षी अख्ख्या भरणीला बुरशी आली होती आणि ती मला सगळ्या वाड्याला ऐकू जाईल असं बोलली होती. तेव्हा यंदा लपवलीन. आणि जागा सांगायच्या आधी गेली.

तिच्या हातचं या जगात एवढंच उरलं होतं. बाकी सगळं खाऊन संपलं. तेराव्यापर्यंत फ्रीजमधली तिची खोबऱ्याची वाटपंसुद्धा पाहुण्यांनी संपवली.

मी माळ्यावर चढलो. तांदळाचं पिंप रिकामं केलं. देवांच्या मागे हात घातला. शेवटी केळीच्या बुंध्याशी माती भुसभुशीत दिसली म्हणून तिथे खणलं, तर मेलेलं मांजर निघालं. ते तिनेच पुरलं असणार, आणि तेही मला सांगितलं नव्हतं. मुलगी बेळगावहून फोनवर म्हणाली, "बाबा, एवढं काय, मी दुसरं लोणचं पाठवते." मी फोन ठेवून दिला.

आता शाळेचं सांगतो. माझ्या कुंपणाला लागून शाळा. तिच्या शेवटच्या खोलीत खास मुलांचा वर्ग भरतो. म्हणजे ज्यांना वाचायला जड जातं, बोलायला जड जातं, काहींना एका जागी बसायला जड जातं, अशी पाचेक मुलं. त्यांची टीचर पेडण्याहून येते, लहानखुरी, आवाज मात्र बसच्या कंडक्टरचा. त्या खोलीचं जनेल, खिडकी म्हणा, माझ्या अंगणात उघडतं. मी सोप्यावर बसून असायचो, म्हणजे दारातल्या बांधीव बाकावर. सगळा वर्ग मला फुकट ऐकू यायचा.

एक दिवस टीचरने भिंतीवर गोव्याचा नकाशा लावला आणि विचारलं, "उत्तर दिशा कुठे?"

पाचही मुलांनी बोट वर केलं. छपराकडे.

"तिकडे आकाश आहे रे."

"नकाशात वर लिहिलंय मरे, टीचर!"

आणि सोप्यावर माझ्या लक्षात आलं की माझंही बोट वर गेलंय. मी ते खाली घेऊन डोकं खाजवलं, कोणी बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी टीचर माझ्या फाटकात उभी. "आजोबा, तुमचं घर द्याल?"

"विकायचं नाही."

"विकत नको हो. नकाशाला हवंय." मग तिने समजावलं की पुस्तकात भूगोल पृथ्वीपासून सुरू होतो आणि तिच्या मुलांचा हाताला लागेल तिथपासून. आधी एका घराचा नकाशा काढायचा, मग गावाचा, मग गोव्याचा. शाळा मोठी पडते. छोटं घर हवं, ज्यात... ती थांबली.

"ज्यात कोणी नाही," मी म्हटलं. "बोल की. मी आहे, पण मी अडचण म्हणून मोजण्यासारखा नाही."

मी दोन अटी घातल्या. घरातली एकही वस्तू जागची हलवायची नाही. आणि नकाशा काढताना चिनी मातीची एक भरणी दिसली, तोंडाला पांढरं फडकं, तर आधी मला सांगायचं. टीचरने मुलांना गोळा करून सांगितलं, "आजोबांची भरणी हरवलीय. कोणाला दिसली तर?"

"सांगायचं!" चौघे ओरडले.

पाचवी मुलगी ओरडली नाही. ती तशीही कमीच बोलते, म्हणून कोणी मनावर घेतलं नाही.

तिच्याबद्दल सांगायला हवं. चौदा-पंधरा वर्षांची, अंगाने गुटगुटीत, शब्द तोंडातून जड येतो. तिला मधल्या सुट्टीत इतर मुलांसोबत जेवता येत नसे, गलका सहन होत नसे. म्हणून माझी बायको तिला कुंपणाच्या फटीतून आत घ्यायची आणि आपल्या स्वयंपाकघरात पाटावर बसवून पेज द्यायची. दोघी काय बोलायच्या कोण जाणे. मी गेलो की दोघी गप्प. आणि त्या मुलीला काही सांगितलं की ते दगडावर कोरल्यासारखं. एकदा टीचर तिला म्हणाली, "इथेच थांब, मी आले," आणि विसरली. शाळा सुटली, शिपायाने कुलूप लावलं, पोरगी आत तशीच उभी. आई येऊन नेऊ लागली तर येईना. टीचरला घरून परत बोलवावं लागलं, "आले हं" म्हणायला.

तर दर गुरुवारी वर्ग माझ्या घरात येऊ लागला.

टीचरने शक्कल काढली की प्रत्येक खोलीला गोव्यातल्या एकेका जागेचं नाव द्यायचं, म्हणजे घराबरोबर गोवाही पाठ होईल. माझी पडवी उत्तरेला, तिला पेडणे नाव मिळालं. देवाची खोली फोंडा, देवळांमुळे. स्वयंपाकघर डिचोली, कारण तिथली जमीन चुलीने आणि कावेने इथल्या खाणींसारखी लाल आहे. मागची न्हाणी, तिथे पाणी आणि लोखंडी बालदी, म्हणून मुरगाव बंदर. मी म्हटलं, बरोबर आहे, तिथे मी तसाच घामाघूम व्हायचो. मधल्या लांब बोळाची मांडवी नदी केली.

इथे घोटाळा झाला. वर्गातला एक उंच पोरगा फेरीबोटीचा वेडा. बापाबरोबर रविवारी फेरीने पलीकडे जातो आणि परत येतो, दुसरं काम नाही. बोळ नदी आहे म्हटल्यावर त्याने जाहीर केलं की फेरीशिवाय कोणी जाणार नाही. तो बोळाच्या तोंडाशी उभा राहायचा, हात आडवा. माणसं जमली की हात वर, तोंडाने इंजिनाची घरघर, आणि सगळ्यांना घेऊन पावलापावलाने पलीकडे. वाटेत हलायचं नाही. पलीकडे पोचल्यावर फळी खाली पडल्याचा आवाज, तोही तोंडानेच. मग उतरायचं.

माझं वय झालं. मला न्हाणीत वरचेवर जावं लागतं.

"मला मुरगावला जायचंय," मी एकदा म्हटलं.

"फेरी गेली."

"अरे तू इथेच उभा आहेस!"

"मी फेरी नाही. मी फेरीवाला. फेरी पलीकडे आहे."

"मग आण तिला!"

"माणसं भरल्याशिवाय येत नाही."

टीचर काही बोलेना, कारण हा पोरगा वर्षभरात पहिल्यांदाच लागोपाठ इतकी वाक्यं बोलला होता आणि तिच्या डोळ्यांत पाणी होतं. माझं पाणी वेगळं होतं. शेवटी मी अंगणातून वळसा घालून गेलो, तर पोरगा मागून ओरडला, "आज्या, तिकडून सावंतवाडी लागते!"

शेजारणीला वाटलं मला भ्रम झालाय. कारण मी कुंपणावरून तिला सांगत होतो, "जरा थांब, डिचोलीत दूध उतू चाललंय." ती म्हणाली, "आपण डिचोलीतच राहतो हो," आणि तिने संध्याकाळी मुलीला बेळगावला फोन केला.

पण एक सांगतो. त्या मुलांनी मला माझं घर दाखवलं. टीचर त्यांना डब्यांची चित्रं काढायला लावायची आणि चित्राखाली, डब्यावर काय लिहिलंय ते नाही, तर आत काय आहे ते काढायला. मग तो कागद फळीला चिकटवायची. त्या दिवसापासून मला मीठ मिळू लागलं. जिरं मिळालं. हिंग मिळाला, तो तिने औषधाच्या बाटलीत ठेवला होता. भिंतींना हात लावत चालणारा एक मुलगा आहे, त्याला देवाच्या खोलीत खुंटीमागे तिचा जुना चष्मा सापडला. सगळं सापडत गेलं. भरणी सापडली नाही.

दर गुरुवारी मी टीचरला नुसतं बघायचो. ती मान हलवायची, नाही.

"ती फुटली असेल," एकदा ती हळूच म्हणाली.

"फुटली असती तर तिने मला बोल लावला असता. मी घरात नसतो तरी."

पावसाळा सरला. मी मनात म्हणत होतो, फोडी आता मऊ पडल्या असतील, तेल वर आलं असेल, कोणी ढवळत नाही, कडेला पांढरं धरलं असेल. लोणचं वाट बघत नाही कोणाची.

दिवाळीनंतर मोठा नकाशा काढायला घेतला. चार कागद जोडून, पडवीत पसरून. प्रत्येकाने आपला भाग रंगवायचा. डिचोली, म्हणजे स्वयंपाकघर, त्या मुलीकडे. तिथलं सगळं तिला ठाऊक. तिने चूल काढली, पाट काढला, पाटावर एक वाटोळी बाई काढली. टीचर म्हणाली, "नकाशात माणसं नसतात गो." मुलगी म्हणाली, "बसलीय ती." टीचरने सोडून दिलं. मग मुलीने निळा खडू घेतला आणि स्वयंपाकघराचा मागचा कोपरा घट्ट निळा करून टाकला.

"हे काय?"

"समुद्र."

"डिचोलीला समुद्र नाही बाये. समुद्र इकडे, पश्चिमेला. बघ. डिचोलीला नदी आहे."

"हांगा समुद्र आसा."

"कोपऱ्यात काय आहे बघून ये. रगडा आहे की नाही? रगडा काढ."

"समुद्र. तिथे कोणी जायचं नाही."

त्या कोपऱ्यात जुना दगडी रगडा आहे, वाटणाचा. मिक्सर आल्यापासून बंद. त्यावर फळी, फळीवर गोणपाट, सुपं, नारळ, काय काय. मी तो कोपरा श्रावणातच बघितला होता, नारळ उचलून, पण नीट नाही. कंबर वाकत नाही माझी. मला वाटलं पोरीला पाण्याची हौस आहे. टीचरने खोडरबर काढलं तर पोरगी नकाशावर बसली. नकाशा पेडण्यात फाटला. चिकटपट्टी लावली.

आणि नेमकं त्याच आठवड्यात कळलं की शिक्षण खात्याचे साहेब वर्ग बघायला येणार. टीचर रात्रभर झोपली नसावी, गुरुवारी सकाळी तिचा चेहरा तसा होता. म्हणाली, "आजोबा, साहेबांना फेरीत अडकवू नको म्हणून त्याला सांगा."

मी म्हटलं, "मला जाऊ देत नाही तो, साहेबाला काय देणार?"

साहेब आले. बूट पडवीत काढले, बरे गृहस्थ. पण मुलांना हात लावून झाल्यावर त्यांना हात धुवायचे होते. मोरी मांडवीच्या पलीकडे. उंच पोराने हात आडवा केला.

"फेरी येऊ द्या, साहेब."

साहेबांनी टीचरकडे बघितलं. टीचरने जमिनीकडे. मी म्हटलं, "उभे राहा साहेब, लवकर येते. गर्दी कमी आहे." तर ते खरंच उभे राहिले. फेरी आली, ते चढले, हलले नाहीत, फळीचा आवाज झाला तेव्हा उतरले. परत येताना पोराने तिकीट मागितलं. पायी माणसाला फेरी फुकट असते, हे साहेबांनी सांगितलं. पोरगा खूष झाला. म्हणाला, "साहेबाला भूगोल येतो."

मग साहेब नकाशासमोर बसले. बोट फिरवत आले ते निळ्यावर थांबले.

"हा समुद्र कसा? डिचोली तालुक्याला किनारा नाही."

टीचर म्हणाली, "सर, तो भाग... ती मुलगी ऐकत नाही."

"ऐकत नाही म्हणजे? चुकीचा भूगोल भिंतीवर लावणार का? काय आहे त्या जागी?" आणि ते उठून स्वयंपाकघरात गेले, सरळ कोपऱ्याकडे.

ती मुलगी इतक्या मोठ्याने ओरडली की गोठ्यातली शेजाऱ्याची म्हैस उठली. "बुडतलो! साहेब बुडतलो!"

"तिथे फेरी नाही!" मागून उंच पोरगा.

साहेबांचा एक पाय वर होता. तो वरच राहिला. एवढा शिकलेला माणूस, माझ्या स्वयंपाकघराच्या कोरड्या जमिनीवर, एका पायावर, आणि पाय खाली टेकवायची त्यांची छाती होईना. भिंतीचा आधार घेऊन ते मागे सरले. मग कपाळ पुसलं.

मी हसलो नाही. मी त्या पोरीकडे बघत होतो. पाण्याला भिणाऱ्याचा चेहरा मला माहीत आहे, बंदरावर बघितलेत. तिचा तो चेहरा नव्हता. तिचा चेहरा राखणदाराचा होता. आणि तेव्हा माझ्या जड डोक्यात शिरलं.

साहेब चहा पिऊन गेले. नंतर त्यांचा शेरा आला तो टीचरने मला वाचून दाखवला. वर्ग चांगला चालला आहे, चालू ठेवावा. समुद्र दुरुस्त करावा.

पण ते नंतर. साहेबांची गाडी वळल्याबरोबर मी त्या मुलीसमोर पाटावर बसलो. माझी कंबर कडाडली.

"भरणी तिथे आहे ना?"

तिने कोपऱ्याकडे पाठ केली.

"अगो, तुला आजीने दाखवली ना?"

"आजी म्हणाली, आज्याला सांगू नको."

टीचरने तोंडावर हात घेतला. "मग एवढे महिने आम्ही शोधतोय तेव्हा बोलली का नाहीस?"

"आजी म्हणाली, आज्याला सांगू नको," तिने पुन्हा सांगितलं, जरा मोठ्याने, कारण टीचरला ऐकू येत नाही असं तिला वाटलं. "टीचरला सांगितलं की टीचर आज्याला सांगणार."

हे खरंच होतं.

"अगो बाये," टीचर तिच्याजवळ बसली, "आजी आता नाही ना. आता सांगितलं तर चालतं."

"आजीने सांगितलं की चालतं असं?"

"नाही, पण..."

"मग आजीला विचार."

टीचरने माझ्याकडे बघितलं. मी चुलीकडे बघितलं.

वर्ग गेल्यावर मी एकटाच कोपऱ्यासमोर उभा राहिलो. हात घातला असता तर मिळाली असती. रगड्याच्या पोटात असेल, फळीखाली, नाहीतर मागच्या कोनाड्यात. चार पावलांचं काम. पण मला राग आला होता आणि कोणाचा ते कळत नव्हतं. मरताना माझ्यासाठी एक शब्द ठेवला नाही म्हणून मी महिने कुढत होतो. आणि शब्द होता की! एका पोरीजवळ ठेवला होता. त्याला सांगू नको. तिने माझ्याबद्दल मागे ठेवलेलं एवढंच, आणि ती पोरगी ते खात्याच्या साहेबापुढेसुद्धा सोडायला तयार नव्हती. आणि मी, तिचा नवरा, ते चार पावलांत मोडणार?

केर काढायला लागलो तेव्हा झाडू निळ्याच्या कडेपर्यंत नेला आणि तिथून मागे फिरवला.

पुढच्या गुरुवारी मी पडवीत वाटच बघत होतो. मुलीला म्हटलं, "मला सांगू नको."

"नाही सांगणार."

"दाखवूही नको. पण आजीने 'आज्याला देऊ नको' असं सांगितलं होतं का?"

ती विचारात पडली. ती विचार करते तेव्हा दिसतं, ओठ हलतात, जसं काही आतला कप्पा न कप्पा उघडून बघते. उंच पोरगा मध्येच म्हणाला, "फेरी सुटतेय," तर टीचरने त्याला दटावलं.

"देऊ नको नाही म्हणाली," मुलगी शेवटी म्हणाली. "जास्त देऊ नको म्हणाली. प्रेशर आहे."

"मग थोडं दे."

तिने अटी घातल्या. माझ्याकडूनच शिकली असणार. सगळ्यांनी पेडण्यात जाऊन बसायचं. तोंड रस्त्याकडे. डोळे मिटून. आणि कान बंद, कारण आवाजावरून कळतं. मी, टीचर, तीन मुलं, सगळे सोप्यावर रांगेत बसलो, डोळे मिटून, कानांत बोटं. उंच पोराने आधी तिला मांडवीच्या काठापर्यंत फेरीने सोडलं, म्हणाला समुद्रात जायचा परवाना नाही. मग तोही येऊन बसला.

तेवढ्यात शेजारीण रस्त्यावरून गेली असणार. कारण मला बोटांच्या फटीतून ऐकू आलं, "देवा, आता टीचरसुद्धा!"

बराच वेळ झाला. कोणीतरी माझा गुडघा ठोठावला. डोळे उघडले. पोरगी समोर उभी, हातात कुलेर, म्हणजे चमचा, त्यात एक फोड, लालबुंद, तेल ठिबकत असलेली. बुरशीचा मागमूस नाही. म्हणजे ही पोरगी मधूनमधून जाऊन ढवळत होती. कधी, ते मी विचारलं नाही.

मी हात पुढे केला तर तिने कुलेर मागे घेतली.

"हात सुके आहेत?"

मी तळहात धोतराला पुसले, उलटे सुलटे करून दाखवले. मग तिने फोड माझ्या हातावर ठेवली.

तोंडात टाकली. सगळे माझ्याकडे बघत होते. कैरी पार्सेचीच, करकरीत राहिलेली. मोहरी बरोबर. तिखट बरोबर. आणि मीठ, दर वर्षीप्रमाणे, मुठीने जास्त. आयुष्यभर मी तिला हे सांगत आलो आणि आयुष्यभर ती म्हणत आली की तुमची जीभ बंदरावर खारली आहे. माझं तोंड आपोआप स्वयंपाकघराकडे वळलं, हाक मारायला.

"कसं आहे, आज्या?" मुलीने विचारलं.

"खारट आहे," मी म्हटलं.

ती पहिल्यांदा हसली. "आजी म्हणाली होती, तू खारट म्हणणार."

मी हात पुढे केला. म्हटलं, "आणखी एक दे."

तिने कुलेर पाठीमागे नेली आणि मांडवीकडे चालू लागली. उंच पोराने हात आडवा करून मला अडवलं.

"आता गुरुवारी, आज्या. फेरी गेली."